जैववैद्यकीय अभियांत्रिकी आणि जैवभौतिकी : नाशिक परिसरातील संशोधन

सजीवांच्या शरीरातील घडामोडींचा भौतिकीच्या नियमांनी उलगडा करणारे शास्त्र म्हणजे जैवभौतिकी. या उलगड्याच्या आधारे रोग ओळखणारी, उपचार करणारी किंवा निकामी अवयवाची जागा घेणारी साधने घडवण्याचे तंत्र म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकी. दोहोंमधली सीमारेषा पुसट आहे. चेतातंतूतून विद्युत्‌स्पंद कसा धावतो याचे गणित हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडले ते जैवभौतिकीचे मानतात आणि पेसमेकर अभियांत्रिकीचा. पण दोन्हींचा विषय एकच, पेशीच्या पडद्यावरचा विद्युत्‌दाब.

नाशिकच्या रुग्णालयांत मात्र ‘बायोमेडिकल’ म्हटले की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात : पिवळ्या-लाल पिशव्यांतला कचरा, नाहीतर बंद पडलेला मॉनिटर उघडून बसलेला ‘बायोमेडिकलवाला’. संशोधन हा तिसरा अर्थ इथे अजून रुळायचा आहे.

भारतात या शास्त्राचा पाया जी. एन. रामचंद्रन यांनी घातला. १९५४ पासून त्यांनी मद्रास येथे कोलॅजेन या प्रथिनाच्या तिपेडी रचनेवर काम केले. त्यांचे दुसरे काम वैद्यकाच्या अधिक जवळचे आहे. क्ष-किरणांच्या अनेक छायांवरून शरीराचा आडवा छेद गणिताने परत कसा उभा करायचा, याची सुटसुटीत पद्धत त्यांनी लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटिश अभियंते हाऊन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला तोही याच वर्षी. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांच्या नावाची ‘राम-लॅक’ गाळणी (धूसर प्रतिमा स्पष्ट करणारी गणिती क्रिया) सीटीच्या गणितात आजही शिकवली जाते.

नाशिकमध्ये या विषयाला वाहिलेली मोठी प्रयोगशाळा नाही. त्यासाठी मुंबईची आयआयटी किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्था गाठावी लागते. नाशिककडे आहेत ते रुग्ण, कारखाने आणि एक विद्यापीठ. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला त्याचे मुख्यालय आहे आणि राज्यभरातील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आदींची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. या प्रबंधांत मोजमापाचे प्रश्न ठायी ठायी येतात, पण शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी त्यांत क्वचितच भागीदार असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते नाशिकमधली सर्वांत स्वस्त संशोधनसंधी हीच आहे.

कारखान्यांची बाजूही दुर्लक्षिली गेली आहे. ओझरला विमाने बनतात. अंबड-सातपूरच्या टूलरूममध्ये वाहनांचे सुटे भाग आणि साचे घडतात. विमानांत वापरला जाणारा टायटेनियमचा मिश्रधातू (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) खुब्याच्या कृत्रिम सांध्यातही बसवतात. अडचण अशी की तो हाडापेक्षा कितीतरी ताठ असतो : त्याचा यंग गुणांक (ताठपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कल, तर टणक हाडाचा साधारण १५ ते २०. भार धातूच उचलतो, मग हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. यावर उपाय म्हणून त्रिमिती मुद्रणाने जाळीदार, पोकळ रचनेचे रोपण घडवण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत.

सिकलसेल : जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे आदिवासीबहुल तालुके आहेत. तिथे आढळणारा तांबड्या रक्तपेशींचा हा आनुवंशिक आजार जैवभौतिकीचा जणू चालताबोलता धडा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खळग्यात अडकते, रेणूंच्या माळा होतात, माळांचे दोर वळले जातात आणि मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. सात-आठ मायक्रोमीटरची निरोगी पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून निघून जाते, ही अडकते.

खरी मेख वेळेची आहे. ऑक्सिजन सुटल्यापासून दोर वळायला सुरुवात होईपर्यंत थोडा अवधी जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनी ओलांडून पुढे गेली तर काही बिघडत नाही. हा अवधी पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या संहतीवर (दाटपणावर) कमालीचा अवलंबून असतो, अगदी तिच्या तिसाव्या घाताच्या जवळपास व्यस्त प्रमाणात. पेशीतले पाणी थोडे कमी झाले तरी तो झपाट्याने घटतो. उन्हात द्राक्षबागेत राबणाऱ्या सिकलसेलग्रस्त मजुराला ‘पाणी पीत राहा’ असे डॉक्टर सांगतात, त्यामागे हे गणित आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून दोर वळण्यात खोडा घालते.

निदानाच्या चाचण्याही भौतिकीच्याच. विद्राव्यता चाचणीत रसायनाने ऑक्सिजन काढून घेतला की दोषी हिमोग्लोबिनमुळे नळी गढूळ होते आणि तिच्यामागच्या रेघा दिसेनाशा होतात. पण वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) कोण आणि पीडित (दोघांकडून आलेला) कोण हे त्यातून कळत नाही. विद्युत्‌संचरणात (विजेच्या ओढीने रेणू सरकवून वेगळे करण्याच्या चाचणीत) ते कळते, कारण व्हॅलिनवर ऋणभार नसल्याने दोषी रेणू धनाग्राकडे सावकाश सरकतो. नवजात बाळांत विद्राव्यता चाचणी फसवी ठरते. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिनच जास्त असते. पाड्यावर, विजेशिवाय, एका थेंबात आणि तान्ह्या बाळातही वाहक-पीडित भेद सांगणाऱ्या स्वस्त पट्ट्यांवर म्हणूनच संशोधनाचा भर आहे. केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने (प्रारंभ १ जुलै २०२३, उद्दिष्ट २०४७) ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवल्यामुळे अशा साधनांना मोठी मागणी आहे.

कोविडनंतर घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटरही इथे तपासून पाहण्यासारखा आहे. ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून किती आरपार जातो यावरून तो रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आकडा काढतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ही युक्ती मांडली. सावळ्या त्वचेत आकडा असतो त्यापेक्षा बरा दिसू शकतो, हे अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासाने ठळक केले. सिकलसेलमध्ये तर ऑक्सिजन धरण्या-सोडण्याचा आलेखच सरकलेला असतो, त्यामुळे पडद्यावरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. सावळा वर्ण आणि सिकलसेल हे दोन्ही ज्या तालुक्यांत एकत्र येतात, तिथे हा प्रश्न परदेशी मासिकातला राहत नाही.

कुंभमेळा : २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा मृत्यू झाला. अशा गर्दीत माणसे तुडवली जाऊन मरतात असा समज असला, तरी बहुतेकांचा जीव उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन जातो. चौरस मीटरमागे सहा-सात माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते, दाबाच्या लाटा उठतात आणि कुणाचेच पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. मूळचे नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक रमेश रास्कर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून इथे ‘कुंभथॉन’ हे नवकल्पनांचे शिबिर भरले. त्यातून पुढे आलेली, पावलांचा दाब टिपून माणसे मोजणारी ‘आशिओतो’ चटई २०१५ च्या मेळ्यात वापरली गेली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पना केंद्रही याच वाटेने शहरात आले. रास्करांच्या चमूचे २०१० चे ‘नेत्रा’ हे साधनही लक्षणीय आहे : मोबाइलच्या पडद्यावर भिंग चिकटवून रुग्णाने दोन रेघा जुळवायच्या, आणि त्या किती सरकवाव्या लागल्या यावरून चष्म्याचा नंबर काढायचा.

या क्षेत्राचा सर्वांत कमी झगमगाटाचा भाग म्हणजे रुग्णालय-अभियांत्रिकी. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव ऑक्सिजन एका लिटरमधून सुमारे ८६० लिटर वायू देतो; खाटेपर्यंत तो साधारण ४ बार दाबाने पोहोचावा लागतो. झडप, दाबमापक, धोक्याची घंटा, राखीव सिलिंडरांची आपोआप जोडणी : यांवर कुणी पीएचडी करत नाही. करायला हवी.

संशोधनात शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. कल्पनेपासून नमुन्यापर्यंत जाण्यासाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मदत देते. उपकरण विकायचे तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. त्यांत जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत आणि हृदयाची झडप शेवटच्या वर्गात येते.

माणसांवर कोणतीही चाचणी करण्यापूर्वी नीतिसमितीची मान्यता आणि सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती लागते. सुरगाण्यासारख्या भागात मराठीतला छापील नमुना पुढे करून भागत नाही. कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या निरक्षर आजीला तिच्या बोलीत विचारावे लागते, की हा रक्ताचा थेंब तपासून झाल्यावर फेकायचा की ठेवायचा. आणि तिच्या अंगठ्याशेजारी त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्यावी लागते.