बोअरमधला आवाज: स्वस्तातल्या विज्ञान-भयपटांची पार्श्वभूमी

अंबाजोगाई-लातूर पट्ट्यातली चार पोरं सध्या अर्ध्या तासाची फिल्म करायलेत. गोष्ट अशी: दुष्काळात एका शेतकऱ्यानं ८०० फूट बोअर घेतला, फुफाट्याशिवाय काही निघालं नाही, आणि तिसऱ्या रात्री केसिंग पाइपातून कुणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज यायला लागला. जमवलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग त्यांनी संगणकावर प्राणी बनवून घ्यायला बाजूला काढलाय. तिथं पैसा घालू नका, असं मी त्यांना सांगितलं. का सांगितलं, ते नीट मांडायचं तर सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

१९५० नंतर अमेरिकेत घरोघरी टीव्ही पोचला आणि थेटरांचा मोठा प्रेक्षक घरीच बसू लागला. मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा बघणारी तरुण मंडळी तेवढी हक्काची उरली. त्यांना एका तिकिटात दोन सिनेमे लागत, म्हणजे माल भरपूर आणि स्वस्तात हवा. अणुबॉम्बची धास्ती ताजी होती. किरणोत्सर्गानं फुगलेले खेकडे, परग्रहावरून आलेला लगदा, असल्या कल्पनांना तिथून खाद्य मिळालं. रॉजर कॉर्मन हा त्या धंद्यातला सगळ्यात चलाख माणूस. माणसं खाणाऱ्या झाडावरचा त्याचा १९६० चा सिनेमा आधीच्या एका सिनेमाच्या उरलेल्या सेटवर, बहुतेक सगळा दोन दिवसांत उरकलेला आहे.

याच काळातली दोन उदाहरणं मी पोरांना नेहमी सांगतो. १९५५ च्या एका सिनेमात समुद्रातून अजस्र ऑक्टोपस येतो. तो हलवणारा रे हॅरीहाउसन एकेक चौकट टिपत, बाहुलीचा एकेक पाय कणाकणानं सरकवत काम करायचा. पैसा आणि वेळ अपुरा, म्हणून त्यानं आठऐवजी सहाच पाय केले. उरलेले दोन पाण्याखाली असतील, असं बघणारे आपोआप धरून चालले. दुसरं उदाहरण १९५३ चं. चंद्रावरून आलेला राक्षस हवा होता, पण त्याच्या पोशाखाला पैसे नव्हते, तेव्हा गोरिलाच्या पोशाखावर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण चढवलं आणि त्याला भर उन्हात टेकाडावर उभं केलं. अडचण दोघांचीही एकच होती. हॅरीहाउसननं ती पाण्याखाली लपवली, दुसऱ्यानं उजेडात मांडली.

या चित्रपटांचा खरा कच्चेपणा मात्र राक्षसात नसतो. बोलणं हे कॅमेऱ्यापुढं सगळ्यात स्वस्तात टिपता येतं. म्हणून पैसे संपले की पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ येतो आणि दहा मिनिटं समजावून सांगत बसतो. तिथं भीती मरते. कागदावर विचार करायला पैसे लागत नाहीत, त्यामुळं अर्धवट विचाराचं खापर गरिबीवर फोडता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

१९६८ साली जॉर्ज रोमेरोनं पिट्सबर्गजवळ जे केलं, ते या सगळ्याचं उत्तर होतं. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' साधारण १ लाख १४ हजार डॉलरांत झाला. शेतावरचं एक घर, आत अडकलेली मूठभर माणसं, बाहेर उठलेली प्रेतं. चित्र काळं-पांढरं, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चाललं. आता त्यातलं विज्ञान बघा. शुक्रावरून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गामुळं हे घडलं असावं, एवढंच टीव्हीवरच्या बातम्यांतून कानावर येतं. अधिकारी आपसात वाद घालतात, खात्रीनं कुणीच बोलत नाही. शास्त्रज्ञाच्या लांबलचक भाषणाची जागा त्या बातम्यांनी घेतली आणि बाहेरचं अख्खं जग कोसळल्याचं एका खोलीत बसून कळलं. पण याच सिनेमानं कमी पैशातल्या कामाची दुसरी दुखरी बाजूही दाखवली. प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर वितरकाकडून स्वामित्वहक्काची ओळ राहून गेली, आणि सिनेमा सगळ्यांसाठी मोकळा झाला. जगभर चालला, पण करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं. म्हणून पोरांनो, आपसात का होईना, कागद करून ठेवा.

पुढची परंपरा भराभर सांगतो. १९७४ च्या 'डार्क स्टार'मध्ये परग्रहवासी म्हणून समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा रंगीत फुगीर चेंडू वापरला होता. त्या विनोदी प्रसंगातली कल्पना लेखक डॅन ओबॅनननं पुढं भीतीकडं वळवली, त्यातून १९७९ चा 'एलियन' आला. कॅनडात १९९७ साली 'क्यूब'साठी १४ फुटी एकच खोली बांधली. भिंतींचे रंगीत पडदे बदलून तिच्याच अनेक खोल्या केल्या. पडदे बदलण्यात वेळ जायचा, म्हणून एका रंगातलं सगळं काम आधी उरकायचं, मग दुसरा रंग.

आपल्याकडं काय होतं? माळेगावच्या यात्रेत, नांदेडकडच्या हं, तंबूतल्या थेटरात मी पहिला भयपट पाहिला. तो रामसे बंधूंचा. तेही स्वस्तातच करायचे. १९७२ चा पहिला गाजलेला भयपट त्यांनी घरच्याच माणसांना कामाला लावून महाबळेश्वरला चित्रित केला. पण त्यांची भीती हवेलीतली, शापातली. मराठी पडद्यावरही भूत, करणी, मंतरलेली बाहुली हेच जास्त. भुताला कारण द्यावं लागत नाही, विज्ञानाला नियम लागतो, आणि तो नियम आधी बसून ठरवावा लागतो. लिहिण्यात तरी आपण मागं नव्हतो. नारायण धारपांनी भय आणि विज्ञान दोन्ही हाताळलं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढं सगळं कागदावर असताना पडद्यावर त्यातलं फार थोडं यावं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

म्हणून या पोरांच्या गोष्टीवर माझा जीव आहे. इथली भीती त्यांना बाहेरून आणायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूरकडची किल्लारी पडली, त्याच्या आधी वर्षभर त्या भागात लहान धक्के जाणवत होते. नंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल बोअर घेऊन खडक तपासला. त्या दुःखाचा मसाला करू नका, हे मी पोरांना दोनदा बजावलंय. पण पायाखालची जमीन गप्प नसते, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

परवा आम्ही एका पडक्या बोअरवर गेलो. तोंडावर गोणपाट आणि त्यावर दगड. एकानं जुना मोबाइल रेकॉर्डिंग लावून मोज्यात घातला, सुतळीला बांधला आणि पाइपात हळूहळू सोडला. सुतळी ६० फूट होती, संपली. पंधरा मिनिटांनी वर ओढला आणि कानाला लावला. आधी पाइपाला घासल्याची खरखर, मग बराच वेळ काही नाही, आणि मग एक घुमारा, थांबून थांबून येणारा. वारा असणार.

"सर, खालून आवाज येऊ लालाय," पोरगं म्हणालं, आणि त्यानं तो तुकडा पुन्हा लावला.