उर्नेस स्टाव्ह चर्च

नॉर्वेतील मध्ययुगीन लाकडी चर्च. ‘स्टाव्ह’ म्हणजे उभा खांब; अशा खांबांच्या सांगाड्यावर ही चर्चे उभी असतात. सोग्नेफियॉर्ड या डोंगरांत शिरलेल्या लांब, अरुंद खाडीच्या लुस्ट्राफियॉर्ड या आतल्या फाट्यालगत, पाण्याच्या बऱ्याच वर, शेतांच्या कुशीत ते उभे आहे. आजची वास्तू साधारण इ. स. ११३०ची. नॉर्वेत एकेकाळी अशी हजारभर चर्चे असावीत, असा अंदाज आहे. त्यांपैकी २८ उरली आहेत.

उर्नेस इतके टिकले त्याचे श्रेय पायाला द्यावे लागते. याच जागी आधी असलेल्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले होते. १९५६-५७च्या उत्खननात त्यांचे खड्डे सापडले. पुरलेल्या लाकडाला ओल लागते आणि ते बुंध्यापासून कुजते. नव्या बांधणीत दगडी जोत्यावर आडव्या तुळया ठेवून त्यांत खांब बसवले, म्हणून बुंधे कोरडे राहिले. आतल्या खांबांवर अर्धगोल कमानी आणि कोरीव स्तंभशीर्षे आहेत. दगडी चर्चचे हे रूप सुतारांनी लाकडात उतरवले.

उत्तरेकडच्या भिंतीतले कोरीव दार मात्र ११व्या शतकातले. जुन्या चर्चचे हे काम नव्या भिंतीत जपून बसवले गेले. त्यावर एक चतुष्पाद प्राणी सर्पाला चावतो आहे आणि सर्प उलटून त्याला. भोवती वेटोळी अशी गुंतलेली की एका रेषेचा माग धरला, तर नजर पूर्ण चौकट फिरून येते. सिंह आणि दुष्टशक्ती यांचा झगडा, की ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या नॉर्स (उत्तर युरोपीय) कथांची आठवण, यावर एकमत नाही. व्हायकिंग काळाच्या अखेरच्या प्राणिशैलीला ‘उर्नेस शैली’ हे नाव या दारावरूनच मिळाले.

१९व्या शतकात अशा चर्चांवर मोठे संकट आले. १८५१च्या कायद्याने चर्चमध्ये किती लोक मावले पाहिजेत हे ठरवले आणि लहान, जुन्या वास्तू भराभर पाडल्या गेल्या. स्मारके वाचवण्यासाठी १८४४ मध्ये स्थापन झालेल्या ‘फोर्टिड्समिन्नेफोरेनिंगेन’ या संस्थेकडे १८८१ मध्ये उर्नेसची मालकी आली. ती वेळेवर आली, असेच म्हणावे लागेल. १९७९ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून नोंदवले. बर्गन शहराचा ब्रिगेन भागही त्याच वर्षी नोंदवला गेला.

१९९२ मध्ये बर्गनजवळचे फान्टोफ्ट चर्च जाळपोळीत भस्मसात झाले. लाकडी वास्तूला आगीचा धोका किती, हे त्याने दाखवून दिले. २००१ ते २०१५ या काळात सरकारने सर्व स्टाव्ह चर्चांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम राबवला. पारंपरिक हत्यारे, निवडक पाइन लाकूड आणि भट्टीत काढलेले लाकडी डांबर यांवर त्यात भर होता. डांबराचा लेप अधूनमधून द्यावाच लागतो. उन्हाकडच्या दक्षिण भिंतीला तो लवकर पुन्हा द्यावा लागतो.