सरावाने मेंदूत काय बदलते: सव्वाशे वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनचे चेताशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी पियानोवादकाचे उदाहरण घेतले होते. वर्षानुवर्षांच्या रियाजातून येणारे कौशल्य केवळ जुन्या चेतामार्गांच्या बळावर समजावता येणार नाही, चेतापेशींना नव्या शाखा फुटत असल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरलेले असतात, हे वाक्यही पुढे त्यांनीच लिहिले, आणि अनेक दशके तेच प्रमाण मानले गेले.

त्याला छेद देणाऱ्या नोंदी मधूनमधून होत होत्या. १९१२ मध्ये ग्रॅहम ब्राउन आणि शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांना दिसले, की मोटर कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाह्यस्तरातल्या हालचाली चालवणाऱ्या भागाच्या, एकाच बिंदूला विजेने उद्दीपित केले तरी दर वेळी तीच हालचाल होत नाही. १९६२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी एच. एम. या रुग्णाबद्दल लिहिले. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या नव्या आठवणी टिकत नसत, तरी आरशात पाहून चांदणी गिरवण्यात तो दिवसागणिक सुधारत गेला. आदल्या दिवशी हेच केले होते, याची त्याला गंधवार्ता नव्हती. हाताचे शिकणे आणि घटना लक्षात ठेवणे यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे तेव्हा स्पष्ट झाले.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रयोग १९९० चा आहे. विल्यम ग्रीनो यांच्या गटाने काही उंदरांना अडथळ्यांची अवघड कसरत शिकवली आणि काहींना नुसते पळवले. पळणाऱ्यांच्या लहान मेंदूत रक्तवाहिन्या दाट झाल्या. कसरत शिकलेल्यांमध्ये मात्र चेतापेशींचे आपसातले जोड, म्हणजे सिनॅप्स, वाढले. व्यायाम आणि शिकणे यांच्या खुणा वेगळ्या निघाल्या.

रँडॉल्फ नुडो यांनी हाच धागा माकडांमध्ये पुढे नेला. अरुंद खाचेतून बोटांनी खाऊचा दाणा काढायला शिकलेल्या माकडांच्या मोटर कॉर्टेक्समध्ये बोटांचा भाग विस्तारला (१९९६). पण रुंद खाचेतून, जिथे नवे काही शिकावेच लागत नव्हते, हजारो वेळा दाणे काढूनही बोटांचा हा भाग विस्तारला नाही (२०००). नुसती घोकंपट्टी मेंदूला हलवत नाही, हे इतक्या स्वच्छपणे यापूर्वी कुणी दाखवले नव्हते.

माणसाच्या बाबतीत १९९५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाचे क्षेत्र मोठे आढळले, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत ते अधिक ठळक होते. मात्र हा फरक सरावाने घडला की जन्मतःच होता, हे अशा तुलनेतून कळत नाही. म्हणून २००४ मध्ये बोगदान द्रागान्स्की यांनी नवख्यांना तीन महिने तीन चेंडू झेलत फिरवायला शिकवले आणि आधी-नंतर एमआरआय काढले. हालचाल टिपणाऱ्या दृष्टीच्या भागात करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींची दाटी असलेला भाग, वाढले होते. सराव थांबल्यावर ते पुन्हा घटले. पुढे २०१४ मध्ये उंदरांत दिसले, की नवे मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचे संदेशांचा वेग वाढवणारे आवरण, तयार होऊ दिले नाही तर नवे कौशल्य नीट शिकता येत नाही, पण आधी शिकलेले टिकून राहते.

इथपर्यंत सगळा रोख ‘काय वाढते’ यावर होता. दीर्घ सरावाची गोष्ट वेगळी निघाली. पीटर स्ट्रिक यांच्या गटाने २०१३ मध्ये दीर्घकाळ सराव केलेल्या माकडांचा अभ्यास मांडला. पाठ झालेल्या हालचाली करताना मोटर कॉर्टेक्समधला ऊर्जावापर कमी होता, चेतापेशींचे संदेश मात्र जवळपास तितकेच होते. म्हणजे काम तेच, खर्च कमी.

२०१५ मध्ये बेन्स ओल्वेत्स्की यांच्या प्रयोगशाळेने याहून पुढचे दाखवले. ठरावीक अंतराने कळ दाबायला शिकलेल्या उंदरांचा मोटर कॉर्टेक्स काढला, तरी ते ती लय अचूक करत राहिले; शिकण्याआधी काढला, तर शिकूच शकले नाहीत. पुढच्या कामात ही हालचाल मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांवर अवलंबून असल्याचे आढळले. माकड आणि माणूस बोटांच्या नाजूक कामासाठी कॉर्टेक्सवर उंदरांपेक्षा कितीतरी जास्त विसंबतात, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला किती लागू पडतो, यावर अजून वाद चालू आहे.