वाट देणे (गोवा)

वाट देणे : रस्ता, बांध, देवळाचे आवार, किनारा अशा सर्वांच्या जागी पायी चालताना कोणी कोणासाठी थांबावे, कोणत्या बाजूने जावे यासंबंधीची रीत. कोंकणीत फेरफटक्याला ‘पासय’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘पासेयु’वरून आला असावा. पोर्तुगीजमध्ये पदपथालाही हाच शब्द आहे.

जुन्या गोवे शहरातील चालण्याचे तपशीलवार वर्णन डच प्रवासी लिन्सखोटेन याने केले आहे. तो 1583 पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात होता. पोर्तुगीज सरदार संथ, भारदस्त पावले टाकीत चालत आणि डोक्यावर छत्र धरणारा गुलाम बरोबर असे. समोरून बरोबरीचा माणूस येताना दिसला की बऱ्याच अंतरावरूनच टोपी काढून वाकण्यास सुरुवात होई. नमस्काराला प्रतिनमस्कार न मिळाल्यास तो अपमान समजून सूड घेतला जाई. ही रीत शहरातील वरच्या थराची होती. तीवरून खेड्यांविषयी अनुमान काढणे योग्य नव्हे. गावच्या वाटेवर अस्पृश्य मानलेल्यांना बाजूला होऊन उभे राहावे लागे. त्याला शिष्टाचार म्हणता येणार नाही, ती सक्ती होती.

डाव्या बाजूचा प्रश्न (गोव्यात वाहने डावीकडून का चालतात) : पोर्तुगालने 1 जून 1928 रोजी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. अंगोला व तिमोर या पोर्तुगीज वसाहतींतही बदल झाला. गोवा, मोझांबिक व मकाव मात्र डावीकडेच राहिले. याचे नेहमी दिले जाणारे कारण शेजाराचे आहे. गोव्याचे रस्ते सावंतवाडी व बेळगावकडे, म्हणजे डावीकडून चालणाऱ्या मुलखात, जात होते. मोझांबिक व मकाव यांची स्थितीही तशीच होती. तिमोरचा दाखला या मताला अडचणीचा ठरतो. बेटाचा पश्चिम भाग डचांकडे होता व तेथे वाहने डावीकडून चालत, तरीही पूर्व तिमोरने बाजू बदलली. तथापि तेथील सीमेवरची मोटार वाहतूक गोव्याच्या तुलनेत किरकोळ असावी, हे लक्षात घेता शेजाराचे कारणच अधिक ग्राह्य वाटते. गोवा डावीकडेच राहिल्यामुळे 19 डिसेंबर 1961 नंतर गोवा भारतात आला तेव्हा बाजू बदलावी लागली नाही. डावी बाजू ब्रिटिश भारताकडून आली, ही समजूत अपुरी आहे; 1928 पूर्वी पोर्तुगालही डावीकडूनच चालत होता. डाव्या बाजूचा संबंध देवळातील प्रदक्षिणेशी जोडणेही सयुक्तिक नाही. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतात, तेथे समोरून येणाऱ्याला टाळण्याचा प्रश्नच नसतो.

शिवालयात सोमसूत्र (पिंडीवरचे पाणी बाहेर जाण्याची पन्हळ) न ओलांडता मागे फिरण्याचा संकेत आहे; अशा वेळी जाणारे-येणारे समोरासमोर येतात व वाट द्यावी लागते. पालखीला सगळेच वाट देतात. सत्तरी तालुक्यातील देवरायांत पादत्राणे काढून जाण्याची रीत आहे. ख्रिस्ती वस्तीत तिन्हीसांजेच्या आंजेलुसची घंटा झाली की वाटेवरचा माणूस जागीच थांबून प्रार्थना करी, पुरुष टोपी उतरवीत. बाल्कांवात (घराच्या दारापुढील बैठकीच्या ओसरीत) बसलेल्या वडीलधाऱ्यांना ‘देव बरो दीस दिवं’ म्हटल्यावाचून पुढे जाणे अजूनही उद्धटपणाचे मानतात.

सध्या केंद्राचे 2017 चे वाहनचालन विनियम लागू आहेत. पदपथावर वाहन नेण्यास मनाई आहे. भारतीय रस्ता काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. गोव्यातील अनेक गावरस्त्यांवर दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती अगदी कडेपर्यंत येतात, पावसाळ्यात गटारही दिसत नाही. तेथे हे माप कागदावरच राहते. पदपथ नसेल तर उजवीकडून, समोरची वाहने दिसतील असे, एकामागे एक चालणे सुरक्षित होय. जोडीने गप्पा मारीत चालण्याची सवय येथे जिवावर बेतू शकते.

पणजीतील फोंतेंय भागात घरांच्या पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांविषयी रहिवाशांची तक्रार असते, व ती रास्त आहे. पायरी घराची, रस्ता सर्वांचा. मोरजी, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारणतः हिवाळ्यात अंडी घालतात. त्या दिवसांत रात्री विजेरी न पेटवता, कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर, पाण्याच्या बाजूला माणसांची गर्दी न करता चालावे लागते. पिल्ले उजेडाकडे वळतात व समुद्राची वाट चुकतात.