दुसऱ्यांदा उघडून पाहा

जुन्या कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम उघडायला मिनिटभर लागू लागला की सल्ले ठरलेले: ‘फॉरमॅट मारून टाक’, नाहीतर ‘नवा घे’. त्याआधी एक चाचणी करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, सुरुवातीची लगबग शांत होईपर्यंत थांबा, मग प्रोग्राम उघडून वेळ मोजा. तो पूर्ण बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा.

पहिल्यांदा ५० सेकंद आणि दुसऱ्यांदा ६ लागले, तर प्रोसेसरवर संशय घेऊ नका. दोन्ही वेळा त्याने जवळपास तेवढंच काम केलं. फरक एवढाच, की पहिल्या वेळी डिस्कवरून वाचलेल्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिमने रॅममध्ये, म्हणजे वेगवान तात्पुरत्या मेमरीत, ठेवून दिल्या होत्या. म्हणजे वेळ खाते ती हार्ड डिस्क.

का, ते आकड्यांत बघू. बऱ्याच हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली (वाचणाऱ्या भागाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा जातो. त्याआधी डोकं योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. एकूण १३. लिब्रेऑफिससारखा पत्रं-तक्ते बनवायचा प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी, फॉन्ट, सेटिंग अशा शेकडो फाइली चाळतो. त्यासाठी विखुरलेल्या २००० जागा वाचाव्या लागल्या, तर नुसत्या सरकण्या-फिरण्यात २६ सेकंद गेले! तीच डिस्क सलग लिहिलेली मोठी फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेगाने वाचते. म्हणून सिनेमा झटक्यात कॉपी होतो आणि साधं पत्र उघडताना कॉम्प्युटर अडकतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं. तिथे एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरला, तरी २००० वाचनं ०.२ सेकंदात उरकतात. साटा जोडणी (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) असलेल्या बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची एसएसडी बसते, आणि माझ्या मते जुन्या मशीनवर करण्यासारखा पहिला खर्च हाच.

विंडोजलाही हे दुखणं ठाऊक आहे. २००१ च्या एक्सपीपासून प्रोग्रामच्या पहिल्या काही सेकंदांत कोणत्या फाइली लागतात याची नोंद ते ‘प्रीफेच’ फोल्डरमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी त्या आधीच ओळीने वाचून घेतं. वेग वाढवायला हे फोल्डर रिकामं करा, असं हमखास सांगितलं जातं. कृपया करू नका. पुढची सुरुवात उलट आणखी रेंगाळते.

दुसऱ्यांदाही तितकाच वेळ लागला तर? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. रॅम काठोकाठ भरलेली असेल, तर ठेवलेल्या फाइलींना तिथे जागाच उरत नाही. चार कोअरच्या, म्हणजे चार स्वतंत्र भागांच्या प्रोसेसरवर सीपीयूचा आकडा २५ टक्क्यांपाशी अडून बसला, तर बहुधा एकच कोअर पूर्ण राबतोय. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत असेल, तर तोही यादीत वर दिसेल.

सगळंच निवांत आणि प्रोग्राम मात्र अडलेला, असं असेल तर तो कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहतोय. वर्ड सुरू होताना डीफॉल्ट प्रिंटरकडे चौकशी करतो. प्रिंटर नेटवर्कवरचा आणि बंद असेल, तर वर्ड उत्तराची वाट पाहत ताटकळतो. डीफॉल्ट म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून पाहा.

हार्ड डिस्क एकाएकी मंदावली असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये तिची प्रकृती बघा. ‘पेंडिंग सेक्टर’ वाढत असतील, तर काही जागा पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही वाचता येत नाहीयेत. अशा वेळी प्रोग्राम राहू द्या, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.