तार तुटली, हे राउटरला कळतं कसं?

रस्त्याचं खोदकाम, जेसीबीचा दात, तुटलेली फायबर आणि बँकेत ताटकळलेली माणसं. मराठवाड्यातल्या पेपरांत ही बातमी अधूनमधून येतच असते. त्यावर ठरलेला प्रश्न असा, की दुसरी लाइन होती ना, मग नेट लगेच तिकडून का नाही वळलं? घरातल्या नेटच्या डब्यावर केबल तुटताच लाल दिवा लागतो, म्हणून मोठ्या राउटरलाही तसंच चटकन कळत असणार, असं आपण धरून चालतो.

कधी कधी कळतंही. दोन राउटर थेट एका फायबरने जोडलेले असतील, तर उजेड येणं थांबताच पोर्ट (राउटरवरची तार जोडायची जागा) बंद पडतो. पण मध्ये एखादा स्विच (तारा एकमेकींना जोडणारं यंत्र) किंवा मायक्रोवेव्हचा टॉवर असला, की पलीकडची लाइन तुटली तरी अलीकडचा पोर्ट हिरवाच. राउटर बिचारा डेटा पाठवत राहतो आणि तो कुठेच पोचत नाही.

म्हणून शेजारी राउटर एकमेकांना सतत हाका मारत असतात. राउटरांनी आपसात रस्ते ठरवायच्या 'ओएसपीएफ' या पद्धतीत (जॉन मॉय यांनी लिहिलेली तिची १९९८ ची नियमावली आजही चालते) 'हॅलो' नावाचं छोटंसं पॅकेट बहुतेक ठिकाणी दर १० सेकंदांनी जातं. ४० सेकंद हाक आली नाही, की शेजारी गेला असं धरून त्याच्यामार्गे जाणारे रस्ते रद्द होतात.

खरी गंमत आहे ती हॅलोच्या पोटातल्या यादीत. समजा, लातूरच्या राउटरचा क्रमांक १.१.१.१ आणि धाराशिवच्या राउटरचा २.२.२.२. लातूरचं पहिलं हॅलो जातं तेव्हा यादी रिकामी असते. धाराशिव ते ऐकतो आणि आपल्या पुढच्या हॅलोत 'मी १.१.१.१ ला ऐकलं' अशी नोंद टाकतो. त्यात स्वतःचा क्रमांक दिसला, तरच लातूर मानतो की बोलणं दोन्हीकडून होतंय. रेंज नसलेल्या शिवारातून फोन लावल्यावर 'माझा आवाज येतोय का?' असं विचारतो आपण, तसंच हे.

आता समजा, वाटेतल्या दोन स्विचांमधल्या फायबरच्या जोडीतली एकच तार तुटली, लातूरकडून धाराशिवला जाणारी. लातूरला धाराशिवच्या हाका व्यवस्थित ऐकू येताहेत, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. पण तिकडे ४० सेकंद पुरे होतात, धाराशिव यादीतून १.१.१.१ खोडतो, आणि पुढच्या हॅलोत आपलं नाव नाही हे लातूरला दिसतं. ऐकू येत असूनही तो लिंक सोडून देतो. पाठवणाऱ्याला आपला आवाज पोचत नाही हे एरवी कळणार कसं? इतक्या साध्या यादीने हे काम होतं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

संसार मात्र लगेच सुरू होत नाही. ओळख पटायलाच दोघांचे हॅलोचे सेकंद जुळले पाहिजेत. एकाचे १० आणि दुसऱ्याचे ३० असतील तर शेजार जमतच नाही. मग नेटवर्कमध्ये कोण कोणाला जोडलंय, त्या नकाशांची देवाणघेवाण. तिथे एका बाजूला पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट आणि दुसरीकडे ९००० असली, तर गाडी 'एक्सस्टार्ट' किंवा 'एक्सचेंज' या पायरीवर अडकते. पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी छोटी चाचणी, मात्र मजेत चालू. अशा वेळी रॅकला लिंबू-मिरची बांधलेली पाहिली, की वाटतं, त्यापेक्षा दोन्हीकडची सेटिंग शेजारी शेजारी ठेवून वाचा. 'स्वतःला बरं करणारं एआय नेटवर्क' विकणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं.

४० सेकंद फारच वाटत असतील, तर 'बीएफडी' आहे, लिंक जिवंत आहे का एवढंच भराभर तपासणारी पद्धत. दर ५० मिलिसेकंदांना एक पॅकेट, लागोपाठ तीन चुकली की लिंक मेली, म्हणजे सुमारे १५० मिलिसेकंदांत निकाल. मात्र जोराच्या पावसात डळमळणाऱ्या मायक्रोवेव्ह लिंकवर हेच अंगलट येतं. क्षणभर सिग्नल गेला की शेजारी 'मेला', आला की 'जिवंत', आणि दर वेळी त्या भागातले सगळे राउटर नकाशा पुन्हा मोजायला बसतात. तिथे जाणते इंजिनिअर मुद्दामच वेळ सैल ठेवतात.