पटकथेची कॉपीराइट नोंदणी : पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि करारातल्या अटी

पटकथा लिहून झाली की कॉपीराइट कायदा, 1957 नुसार तिचा हक्क आपोआप लेखकाकडे येतो. नोंदणी सक्तीची नाही. तरीही ती करावी, कारण वाद कोर्टात गेला तर कलम 48 नुसार नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. म्हणून पहिल्या नॅरेशनच्या, म्हणजे निर्मात्याला पटकथा ऐकवण्याच्या, आधीच अर्ज करा. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पटकथा पाठवून पाकीट न फोडता जपून ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण त्या पाकिटाला कायद्यात नोंदणीचा दर्जा नाही.

नोंदवायचे काय, इथेच बरेच जण चुकतात. एका पानाची ‘कन्सेप्ट नोट’ नोंदवून फारसे काही हाती लागत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. नुसत्या शीर्षकालाही कॉपीराइट मिळत नाही. ‘देसी बॉइज’ या नावावरून झालेल्या खटल्यात 2015 मध्ये तसा निकाल लागला. म्हणून प्रसंग, पात्रे आणि संवाद यांसह पूर्ण झालेला खर्डाच नोंदवावा. नंतर त्यात मोठे बदल केले तर नव्या खर्ड्यासाठी नवा अर्ज करावा.

अर्ज लेखक, हक्कांचा मालक किंवा ज्याच्या नावे हक्क लिहून दिले आहेत ती व्यक्ती वा कंपनी करू शकते. दोघांनी मिळून लिहिले असेल तर लेखक म्हणून दोघांचीही नावे हवीत. एकानेच अर्ज केला तर दुसऱ्याचे सही केलेले ना-हरकत पत्र लागते. अर्जदार लेखक नसेल तर लेखकाचे ना-हरकत पत्र किंवा हक्क हस्तांतरणाचा करार, आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र जोडावे. कादंबरीवरून किंवा नाटकावरून पटकथा केली असेल, तर मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी आधी मिळवा. फोनवरचा होकार इथे चालत नाही.

अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. खाते उघडून फॉर्म 14 भरायचा. त्यासोबत तपशीलपत्र आणि अधिक तपशीलपत्र अशी दोन पत्रके असतात. पहिल्यात शीर्षक, भाषा, लेखकाचे नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि हक्कांची मालकी येते; दुसऱ्यात कृती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर, ते सांगायचे असते. प्रकार ‘साहित्यकृती’ निवडायचा. शुल्क प्रत्येक कृतीला 500 रुपये. चित्रपटासाठीचे 5,000 रुपये हे तयार सिनेमाच्या नोंदणीचे आहेत, पटकथेचे नव्हेत. सही आणि पटकथा अपलोड करून पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढे अर्जाची स्थिती त्यावरूनच कळते.

त्यानंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावे लागते. हरकत आली तर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते. नाही आली तर परीक्षक अर्ज तपासतो आणि त्रुटी आढळल्यास पत्र पाठवतो. उत्तर दिलेल्या मुदतीतच पाठवा. ठरावीक त्रुटी पुन्हा पुन्हा दिसतात. फॉर्मवरचे शीर्षक आणि पटकथेच्या पहिल्या पानावरचे शीर्षक जुळत नाही, ओळखपत्रावर एक नाव आणि अर्जात टोपणनाव असते, किंवा अप्रकाशित पटकथेपुढे ‘प्रकाशित’ लिहिलेले असते. निर्मात्याला वाचायला दिलेली प्रत म्हणजे प्रकाशन नव्हे.

मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सदस्यांना तिथेही पटकथा नोंदवता येते. कोणत्या तारखेला कोणता मजकूर तुमच्याकडे होता, याचा तो चांगला पुरावा आहे. पण ती सरकारी नोंदणी नव्हे. शक्य असेल तर दोन्ही करा.

आता करार. हक्क देणारे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असेल तरच ग्राह्य धरले जाते. कलम 19 नुसार त्यात कृती, दिलेले हक्क, मुदत, प्रदेश आणि मोबदला यांचा उल्लेख हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. करारात वेगळे काही नसेल आणि निर्मात्याने हक्क वर्षभरात वापरला नाही, तर कलम 19(4) नुसार त्या हक्काचे हस्तांतरण संपते. म्हणूनच छापील करारात ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘कलम 19(4) लागू नाही’ हे शब्द असतात. सही करण्याआधी ते शोधा आणि त्यांवर घासाघीस करा. कथा, पटकथा आणि संवाद यांचे मानधन व श्रेय वेगवेगळे लिहून घ्या, हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा आणि प्रकल्प थांबला तर हक्क कधी परत येतील तेही नमूद करा.

रॉयल्टी सोडून देण्याची अट दिसली तर घाबरून सही करू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. तसे लिहून घेतले तरी ते कलम 18 नुसार रद्दबातल ठरते.